चालून आल्यावर बीपी 172 निघाला, म्हणून चालणंच सोडलं!

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी 54 वर्षांचा. नागपूरच्या इतवारीत आमचं भांड्यांचं होलसेल दुकान आहे. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत गादीवर बसून असतो. चार वर्षांपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. दिवाळीनंतर आमच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉलची आणखी एक गोळी वाढवली आणि चालायला लागा म्हणून बजावलं. त्याप्रमाणे रोज पहाटे गांधीबागेत पाऊण तास चालू लागलो. दीड महिना नेमानं चाललो. मग मुलानं घरी बीपीचं मशीन आणून दिलं. चालून आलो, दोन जिने चढलो आणि लगेच पट्टा बांधला, तर 172/84! निघण्याआधी 146/92 होता. दुसऱ्या दिवशी वरचा 168, तिसऱ्या दिवशी 170. घाबरून चालणं बंद केलं, त्याला आता तीन आठवडे झाले. शेजारचे काका म्हणतात, "काहून जीव काढून राहिला गा? हार्टचे ठोके देवानं मोजून देल्ले असतात, तू चालून चालून लवकर संपवून राहिला." बायको म्हणते, डॉक्टरनं सांगितलं आहे तर चालायचंच.

दुसरी काळजी पुतण्याची. तो 21 वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो, दोन वर्षांपासून रेशीमबागेच्या मैदानावर रोज पळतो. कॉलेजच्या तपासणी शिबिरात त्याची नाडी 48 निघाली. हार्ट कमजोर झालं म्हणून वहिनी रडायला लागली. तो मात्र हसतो आणि वर मलाच सांगतो, काका, चालणं-बिलणं सोडा, जिमला या, वजन उचला.

व्यायामानं बीपी वाढतो की कमी होतो, ते एकदाचं सांगा. शुगर बॉर्डरवर आहे. दारू नाही. खर्रा दिवसाला दोन. आणि बायको विचारते की तिचा बीपी 118/76 आहे, तर तिला चालायची गरज आहे का?

इतवारीतला एक भांडेवाला

*

भाऊ, नमस्कार.

चालताना बीपी वाढतो आणि चालल्यामुळे बीपी कमी होतो, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. तुम्ही मशीन नेमकं पहिल्या वाक्यावर लावलं आणि घाबरून दुसऱ्यापर्यंत पोचलाच नाहीत. तुमच्याच धंद्यातलं विचारते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पोरं माळ्यावरून डबे खाली झेलत असतात, तुमच्या कपाळावरून घाम निथळत असतो. तो एक तास पाहून कुणी म्हणालं की या दुकानाचा कारभार रोजच असा हातघाईवर असतो, तर तुम्ही मान्य कराल का? चालून आल्याबरोबर घेतलेला बीपी म्हणजे धनत्रयोदशीचा गल्ला आहे. त्यावरून वर्षाचा हिशेब लावायचा नसतो.

आता आत काय होतं ते सांगते. बसल्या जागी माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं. झपझप चालायला लागलं की मांड्या-पोटऱ्या ऑक्सिजन मागू लागतात आणि तेच हृदय दुप्पट रक्त पाठवू लागतं. तुमचा पुतण्या जीव तोडून पळतो तेव्हा त्याचं हृदय 20 लिटरच्याही वर जात असेल. इतकं रक्त ढकलायचं म्हणजे हृदय जास्त जोरानं आवळणार. त्या आवळण्याच्या क्षणाचा दाब म्हणजे वरचा आकडा, म्हणून तो चढतो. त्याच वेळी राबणाऱ्या स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात आणि रक्ताला पुढची वाट मोकळी होते. त्यामुळे हृदय सैलावतं तेव्हाचा दाब, म्हणजे खालचा आकडा, होता तिथेच राहतो किंवा थोडा उतरतो.

हे लक्षात ठेवून तुमचे आकडे परत वाचा. 146/92 चे 172/84 झाले. वरचा 26 नं चढला, खालचा 8 नं उतरला. तुम्ही वरचा पाहून घाबरलात, मी खालचा पाहून निश्चिंत झाले. पायांतल्या रक्तवाहिन्या मागणीप्रमाणे उघडतात, याची ती पावती आहे. ट्रेडमिलवर पूर्ण दम लागेपर्यंत चालवलं तर पुरुषांमध्ये वरचा आकडा 200 च्या आसपास जाण्यात नवल नाही. 210 च्या पुढे गेला तर आम्ही त्याची नोंद करून ठेवतो, 250 च्या पुढे जाऊ लागला तर मशीन बंद करतो. आम्हाला खरी भीती वाटते ती उलट्या गोष्टीची. मेहनत वाढत असताना वरचा आकडा चढण्याऐवजी घसरायला लागला, तर हृदय पुरं पडत नसावं अशी शंका येते आणि पेशंटला ताबडतोब खाली उतरवतो. तुमच्याकडे तसलं काही झालेलं नाही.

शिवाय तुम्ही मोजलंत तेही चुकीच्या पद्धतीनं. दोन जिने चढून, धापा टाकत, बहुतेक बायकोला "बघ बघ किती आला" असं सांगत. बोलण्यानं बीपी वाढतो. हात लोंबकळत असला, लघवी तुंबलेली असली, तरी वाढतो. आणि खर्रा तोंडात असला तर विचारूच नका, तंबाखूतलं निकोटिन बीपी आणि नाडी दोन्ही वर नेतं. मशीन लावायच्या आधी अर्धा तास चहा, खर्रा, व्यायाम यांतलं काही नको. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी काढायची. घरी असा मोजलेला बीपी बरेच दिवस 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो वाढलेला समजतात. म्हणजे तुमचा निघण्याआधीचा 146/92 हा जास्तच आहे. काळजी करायचीच असेल तर त्या आकड्याची करा. 172 वर उगाच तीन आठवडे घालवले.

दुसऱ्या वाक्याकडे येते.

चालून आल्यावर तासभर जाऊ द्या आणि मग मोजा. बीपी असलेल्या बहुतेकांमध्ये तो निघण्याआधी होता त्याहून खाली आलेला दिसतो, आणि हा उतार कित्येक तास टिकतो. काहींमध्ये जवळजवळ दिवसभर. राबलेल्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या काम संपल्यावर लगेच मिटत नाहीत, बराच वेळ सैल राहतात. त्यामागे एक गमतीचा पदार्थ आहे. सर्दी-ॲलर्जीत नाक वाहायला लावणारा हिस्टामिन तुम्ही ऐकला असेल. स्नायूंमध्ये व्यायामानंतर तोच स्रवतो आणि रक्तवाहिन्या उघड्या ठेवतो. ज्याला गप्प करायला आपण गोळ्या घेतो, तो इथे आपल्याच बाजूनं राबत असतो.

माझं ऐकून विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. उधारीची नोंद ठेवता तशी एक वही करा. दहा दिवस, रोज तीन वेळा: पहाटे निघण्याआधी, परत आल्यावर तासाभरानं आणि रात्री दुकानातून आल्यावर बसून. ज्या दिवशी चालला नाहीत त्या दिवशीही मोजा आणि समोर फुली मारा. दहा दिवसांत चाललेल्या आणि न चाललेल्या दिवसांतला फरक दिसायला लागतो. तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला तो माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त पटेल.

हा झाला एका दिवसाचा उतार. रोज चालत राहिलात तर तीनेक महिन्यांत बसल्या जागचा बीपीसुद्धा खाली येऊन बसतो. बीपी असलेल्यांमध्ये वरचा आकडा साधारण 5 ते 8 नं उतरतो. एवढंच? असं म्हणाल. कितीतरी औषध-चाचण्या एकत्र करून 2021 साली जो हिशेब निघाला, त्यात वरचा आकडा फक्त 5 नं उतरला तरी हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या संकटांचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी घटलेलं दिसलं. होलसेलवाल्याला दहा टक्क्यांचं मोल मी काय सांगू.

हा उतार येतो कुठून? तीन-चार ठिकाणांहून. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकेरी अस्तर असतं. वेगानं रक्त वाहू लागलं की ते अस्तर घासलं जातं आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात रक्तवाहिनीला सैल पडायला सांगून जातो. शरीर हा असला निरोप्या वायू वापरतं हे शोधल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. रोज चालणाऱ्याचं अस्तर हा वायू सढळ हातानं सोडतं, गादीवर बसून राहणाऱ्याचं कंजुषी करू लागतं. दुसरं म्हणजे, रक्तवाहिन्यांना सतत आवळून धरणारे जे मज्जातंतू असतात त्यांचा ताण व्यायामानं उतरतो. तिसरं, वयाबरोबर कडक होत जाणारी महाधमनी थोडी लवचीक राहते. वजन आणि शुगर यांचा फायदा वेगळाच, तुमची शुगर बॉर्डरवर आहे म्हणून तोही लहान नाही.

आता काकांचे मोजून दिलेले ठोके. त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त कॅल्क्युलेटर पुढे करा. न चालणाऱ्या माणसाची नाडी दिवसभर सरासरी 72 धरा. 72 गुणिले 60 गुणिले 24, झाले 1,03,680 ठोके. आता रोज तासभर पळणारा घ्या. त्या तासात नाडी 120, म्हणजे 7,200. उरलेले 23 तास त्याची नाडी 58 च्या आसपास, म्हणजे 80,040. एकूण 87,240. रोजची बचत 16,440. देवानं ठोके मोजून दिले असतील असं मी मानत नाही. पण दिलेच असतील तर काकांपेक्षा तुमच्या पुतण्याचे जास्त दिवस पुरतील.

वहिनींचं रडणं थांबवायलाही हाच हिशेब कामी येईल. बसल्या जागी शरीराला मिनिटाला पाच लिटर लागतात, मग हृदय कुणाचंही असो. साध्या माणसाचं हृदय एका ठोक्याला 70 मिलिलिटर रक्त टाकतं. नाडी 70, झाले 4,900 मिलिलिटर. तुमच्या पुतण्याचं 48 ठोक्यांत तेवढंच काम उरकतं. म्हणजे एका ठोक्याला 102 मिलिलिटर. छोट्या गंजानं पाणी भरणारा सत्तर फेऱ्या मारतो, मोठ्या बादलीवाला अठ्ठेचाळीस. हौद तेवढाच भरतो.

ही बादली मोठी होते कशी? पळायला सुरुवात केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं. महिनोन्‌महिने तसं झालं की डावा कप्पा थोडा ऐसपैस होतो, भिंत त्याला साजेशी जाड होते, आणि दोन ठोक्यांच्या मधे तो छान सैलावून भरतो. हे आज कळलेलं नाही. 1899 साली स्वीडनमधल्या सालोमन हेन्शेन नावाच्या डॉक्टरनं बर्फावर लांब पल्ल्याच्या शर्यती खेळणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून, नुसत्या आवाजावरून त्यांच्या हृदयाची हद्द आखली आणि ती मोठी निघाली. हे मोठेपण आजारातलं नव्हे, सरावातलं, असा त्याचा निष्कर्ष होता. आज आपण इको करतो, मिलिमीटरमध्ये मोजतो, आणि तो म्हातारा बरोबर निघतो. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक घागर बोटानं वाजवून बघतं तेव्हा मला नेहमी हेन्शेन आठवतो.

तरीही पुतण्याला तीन प्रश्न विचारा, हसण्यावारी नेऊ नका. पळता पळता कधी चक्कर येऊन पडलास का? पळताना छातीत दुखतं का, किंवा धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबते का? आणि घरातलं कुणी, आजोळकडचंसुद्धा, चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का? तिन्हींना "नाही" आलं तर 48 ची नाडी ही त्याच्या मेहनतीची कमाई आहे. एकालाही "हो" आलं, तर पळणं थांबवून आधी ईसीजी आणि इको. काही घराण्यांमध्ये हृदयाची भिंत जन्मजात दोषामुळे जाड होते आणि तो आजार नेमका पळतानाच घात करतो. 1600 मीटरची वेळ सुधारायच्या नादात पोरं अशा खुणा लपवतात, म्हणून हे तुम्ही विचारा. आई विचारेल तर तो खरं सांगणार नाही.

इथे तुम्हाला एक शंका यायला हवी होती, ती पत्रात नाही, म्हणून मीच काढते. व्यायामानं हृदयाची भिंत जाड होते आणि बीपीच्या आजारानंही होते. मग एक चांगलं आणि एक वाईट कसं? फरक विश्रांतीचा आहे. कळमन्याच्या बाजारातला हमाल पोतं उचलतो, गाडीत टाकतो, बसून बिडी ओढतो, पुन्हा उठतो. त्याची पाठ मजबूत होते. त्याच हमालाला सांगितलं की पोतं पाठीवर घेऊनच जेव आणि पोतं पाठीवर घेऊनच झोप, तर पाठ मजबूत होणार नाही, आखडेल. पुतण्याच्या हृदयावर पोतं रोज तास-दीड तास असतं. तुमच्या हृदयावर 146/92 चं पोतं चोवीस तास आहे, झोपेतही. अशा हृदयाची भिंत जाड होते ती ताठरही होत जाते, सैलावायला कुरकुरते, आणि पुढे जिना चढताना दम लागायला लागतो. पळणं सोडलं की खेळाडूचं हृदय काही महिन्यांत बरंचसं पूर्ववत होतं. बीपीनं जाड झालेलंही बीपी आटोक्यात ठेवला तर सुधारतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून सांगते, चालायला लागलात म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. आमच्याकडे दर हिवाळ्यात असे दोन-चार जण येतात. "मॅडम, आता चालतो ना, मग गोळी कशाला?" आणि बीपी 180.

जिमचं पुतण्यानं सांगितलेलं तुम्ही सध्या ऐकू नका. वजन उचलणं वाईट असतं म्हणून नव्हे. हलकी वजनं, श्वास न कोंडता, आठवड्यातून दोनदा, हे बीपीवाल्यांनाही चालतं, किंबहुना हवंच. भीती आहे ती श्वास रोखून, दात-ओठ खाऊन जड वजन रेटण्याची. कॅनडात 1985 साली संशोधकांनी धडधाकट तरुण कसरतपटूंच्या धमनीत थेट नळी घालून मोजमाप केलं. पायांनी जड वजन रेटताना त्यांचा बीपी सरासरी 320/250 निघाला. एकाचा वरचा आकडा तर 480 च्या पुढे गेला. क्षणभरच, आणि त्यांच्या रक्तवाहिन्या तरुण होत्या. तुमच्या 54 वर्षांच्या, खर्रा खाल्लेल्या रक्तवाहिन्यांना हा खेळ नको. दुकानातसुद्धा पितळी घंगाळाची चळत उचलताना कुंथू नका; उचलताना श्वास सोडा.

घरच्या घरी करण्यासारखा एक व्यायाम मात्र आहे. शाळेत मास्तर शिक्षा म्हणून "खुर्ची" करायला लावायचे, आठवतं? भिंतीला पाठ टेकवायची, गुडघे वाकवायचे आणि हवेतल्या खुर्चीवर बसायचं. त्या शिक्षेनं बीपी उतरतो हे मास्तरांना माहीत नव्हतं. 2023 मध्ये 270 चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा सगळ्या प्रकारच्या व्यायामांमध्ये अशा स्थिर ताणाच्या व्यायामानं बसल्या जागचा बीपी सर्वांत जास्त उतरलेला दिसला, वरचा साधारण 8 नं आणि खालचा 4 नं. पद्धत अशी की दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं सोडायचं, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. तुम्ही अर्ध्या मिनिटापासून आणि गुडघे थोडेच वाकवून सुरू करा. श्वास चालू ठेवा, मोठ्यानं आकडे मोजलेत की तो आपोआप चालू राहतो. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण धरून ठेवलेलं असताना बीपी चढतो आणि तुमचा अजून आटोक्यात नाही. तोवर चालणं.

चालायचं किती? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते. तुमची पाऊण तासाची फेरी आठवड्यातून पाच दिवस केली तरी 225 होतात, उत्तम. वेगाचं मात्र सांभाळा. मुलगा उद्या मनगटावर बांधायचं घड्याळही आणून देईल आणि त्यात नाडी इतकी गेली पाहिजे, तितकी गेली पाहिजे असं येईल. तुम्ही मेटोप्रोलॉल घेता. ती गोळी नाडी फारशी चढू देत नाही. घड्याळाचं ऐकून नाडी 115 करायला जाल तर जीव मेटाकुटीला येईल. तुमच्यासाठी खूण सोपी आहे: चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा, बोलणंही तुटायला लागलं तर कमी करा. थांबताना एकदम बाकावर बसकण मारू नका. उघडलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्त पायांतच साचतं, डोक्याकडे कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटची पाच मिनिटं रमतगमत चाला.

आणि आपलं नागपूर. आत्ता थंडी आहे तोवर काही वाटत नाही, उलट थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी थोडा चढाच असतो. पण एप्रिल आला, मे आला, पारा 45 कडे गेला की चित्र बदलतं. उष्णतेनं कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, घामानं पाणी जातं, त्यात गोळ्यांचा परिणाम मिसळतो आणि बीपी आपोआप खाली येतो. उभं राहिल्यावर गरगरायला लागलं तर लिंबू-सरबतात मीठ ओतत बसू नका. बसून आणि उभं राहून बीपी मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. उन्हाळ्यात कित्येकांची गोळी कमी करावी लागते. मे महिन्यात उजाडायच्या आत चालून परत या. नवतप्यात तर घरातल्या घरात, कूलरसमोर, जागच्या जागी पावलं टाकली तरी चालतील.

खर्रा. यावर मी लांबण लावणार नाही, तुम्हाला ते तोंडपाठ असेल. एवढंच की दोनाचा एक करून काही साधत नाही, शून्य करा. तर्री पोह्यांचं मात्र बोलते, कारण बागेच्या बाहेर मी हे रोज बघते. पाऊण तास चालायचं आणि गेटवर येऊन वरून शेव, तर्री, आणखी एक तर्री. दिवसाला मीठ 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं मिळून. आठवड्यातून एकदा खा, तर्री एकदाच घ्या, शेव वगळा. मीही शनिवारी खाते.

तीन आठवडे बंद ठेवलंत त्याचं काय? 1966 साली अमेरिकेतल्या डलासमध्ये वीस वर्षांच्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवलं होतं. त्यांची दम टिकवायची ताकद पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा ते पन्नाशीत होते, आणि दिसलं असं की तीस वर्षांच्या वयानं जेवढं नेलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं नेलं होतं. मग त्यांना सहा महिने बेताबेतानं व्यायाम दिला आणि वयानं घालवलेली ताकद परत आली. तुम्ही अंथरुणावर नव्हता, गादीवर होता, म्हणजे नुकसान त्याहून बरंच कमी. पहिला आठवडा वीस मिनिटं, दुसरा अर्धा तास, तिसऱ्यापासून पुन्हा पाऊण तास.

त्या गादीचंही काहीतरी करा. लंडनच्या दुमजली बसगाड्यांमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून. दोघांची नोकरी एकाच खात्यात. जेरी मॉरिस या डॉक्टरनं 1953 साली दाखवून दिलं की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. तुमच्या दुकानात माळ्यावर चढणारा पोरगा कंडक्टर आहे आणि तुम्ही ड्रायव्हर. तासातून एकदा तरी उठून एखादं गिऱ्हाईक स्वतः बघा.

चालताना छातीवर दडपण आलं, ते जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, नेहमीपेक्षा जास्त दम लागला, घाम फुटून मळमळलं, तर तिथेच थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. गॅस असेल म्हणून ओवा चघळत बसायचं नाही. बसल्या जागचा बीपी 180/110 च्या पुढे असेल त्या दिवशी चालायला जाऊ नका, डॉक्टरांना फोन करा. आणि चार वर्षांत ईसीजी झाला नसेल तर या आठवड्यात काढून घ्या. साध्या चालण्यासाठी त्याची वाट बघायची गरज नाही, पळायचं मनात आलं तर आधी तो दाखवा.

आता वहिनी, म्हणजे तुमच्या सौ. त्यांचा 118/76 उत्तम आहे, आणि चालायची गरज त्यांनाही आहे. पाळी गेल्यावर बायकांचा बीपी चढायला लागतो, आणि आपल्याकडे तो कुणी मोजतच नाही, कारण मशीन नवऱ्यासाठी आणलेलं असतं. त्यांचा आकडा चालण्यानं फार उतरणार नाही, दोन-चारनं उतरेल. पण चढायला उशीर लागेल, आणि तेच हवं आहे. शिवाय बोलता येतं की नाही याची परीक्षा घ्यायला तुम्हाला सोबत लागणारच.

दहा दिवस भरले की त्या वहीच्या पानांचे फोटो पाठवा. वहिनींचेही आकडे त्यात टाका. चालून आल्याबरोबरचा आकडा टाकू नका.